डिकी लहान आहे

सासूबाईंच्या हातून या वेळी चष्म्याचं घर पडलं आणि घरंगळत थेट गाडीखाली गेलं. सेल्समन गुडघे टेकून वाकला, नवरा पलीकडच्या बाजूने वाकला, आणि खांद्यावरची पर्स सावरत तीही वाकली. शोरूमची फरशी इतकी चकचकीत होती, की चष्म्याच्या घराआधी तिला स्वतःचा वैतागलेला चेहरा दिसला.

घर हाती लागून सगळे उभे राहिले तेव्हा मास्तर मागच्या सीटवरून उतरून डिकीपाशी पोचलेही होते. पाठ ताठ, हनुवटी वर, हात मागे बांधलेले. आयुष्यभर शाळेच्या मैदानावर मुलांना कवायत शिकवलेला माणूस. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी गळ्यात शिट्टी असल्यासारखेच उभे राहायचे. तिचे सासरे असले तरी घरीदारी सगळे त्यांना मास्तरच म्हणत. तोंडावर बाबा म्हणणारी तीसुद्धा मनात मास्तरच म्हणायची.

"डिकी लहान आहे," मास्तर म्हणाले.

"काका, या सेगमेंटमध्ये हिच्याएवढी डिकी कुणाचीच नाही," सेल्समन गुडघे झटकत म्हणाला. "तीन मोठ्या बॅगा आरामात—"

"सेगमेंट तुमच्याकडेच राहू द्या. मला डिकी दिसते आहे."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने काचेबाहेर पाहिलं. मागच्या रविवारी एका गाडीचा हॉर्न बारीक निघाला होता. 'शिंकल्यासारखा वाजतो' म्हणाले होते. त्याआधीच्या गाडीचा रंग डोळ्यांना टोचत होता. रंग बदलून मिळतो हे सांगितल्यावर दारांचा आवाज पोकळ निघाला. या घरात लग्न ठरायलासुद्धा एवढ्या खोडी निघाल्या नव्हत्या.

"चला मग," नवरा म्हणाला. "अजून एक शोरूम राहिलंय."

बाहेर घरची जुनी गाडी उभी होती. उंच, खालच्या पायरीचा पत्रा पोचलेला, गियर टाकला की कण्हणारी. मास्तर पायरीवर पाय ठेवून पुढच्या सीटवर जाऊन बसले. मागे सासूबाईंशेजारी बसत तिने दार जरा जोरातच ओढलं.

"दाराचा काय दोष गं," सासूबाई हलकेच म्हणाल्या.

"लागलं हो चुकून."

"हं. मागच्या रविवारीही चुकूनच लागलं होतं."

तिला हसू आलं नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणून ती घरोघरी जायची. कधी रिक्षाने, कधी बसने, उन्हातान्हात व्यायामाचे पट्टे आणि वजनं खांद्यावर लटकवून. आता बायपासपलीकडच्या पुनर्वसन केंद्रात तिला बोलावलं होतं. चांगली मशिनं, हाताखाली दोघीजणी, आणि मनासारखं काम. पण केंद्र सकाळी उघडतं त्या वेळी तिकडे बस जात नाही. केंद्राच्या बाईंनी सरळ सांगितलं होतं, स्वतःची गाडी असेल तरच हो म्हणा, नंतर कारणं नकोत. आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. दुसऱ्या एका मुलीने आधीच हो म्हणून ठेवलं होतं, हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं.

घरची गाडी नवरा कारखान्यात घेऊन जायचा, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणून दुसरी गाडी. खिशाला परवडणारी, पेट्रोल कमी पिणारी सेडान, हे नवऱ्याने ठरवलं. तिच्या कामाव्यतिरिक्त ही गाडी घरीच असणार, तर आई-बाबांना कुठे न्यायचं-आणायचं ते तिच्यातूनच, तेव्हा बाबांना पटल्याशिवाय घ्यायची नाही, हेही त्यानेच ठरवलं. दोन्ही गोष्टी ऐकायला इतक्या शहाण्या होत्या, की भांडायलाही जागा नव्हती.

"आता ही पुढची बघ," नवरा आरशातून म्हणाला, "लिटरला हिचं मायलेज मघाच्यापेक्षा जास्त आहे. अर्थात कागदावर. खरं मायलेज चालवणाऱ्याच्या पायात असतं."

"तुझ्या पायात आहे ना," ती म्हणाली. "चढावरसुद्धा एसी बंद करतोस."

"म्हणून तर टाकी टिकते."

"टाकी टिकते रे, माणसं उकडतात," सासूबाई म्हणाल्या.

शेवटच्या शोरूममधली गाडी निळी होती. संध्याकाळ उतरताना आभाळ होतं तशी. तिने न विचारताच चालवायच्या बाजूचं दार उघडलं.

"मी चालवते."

इथला सेल्समन पुढे बसला, बाकी तिघं मागे. मास्तर डावीकडच्या दारातून आत शिरले. शिरले म्हणजे, जवळजवळ पडलेच सीटवर. तिने आरशात पाहिलं ते एवढंच, की सासूबाई त्यांच्या बाजूने बसायचं सोडून गाडीला वळसा घालून पलीकडून चढताहेत. हल्ली सासूबाईंचं हे असंच. उगाच मागेपुढे, उगाच घोळ.

गाडी बाहेर पडली आणि रस्ता जवळ आला. खाली बसल्यामुळे वेग अंगाला लागत होता. क्लच लोण्यासारखा होता. वळणावर गाडीने तिचं ऐकलं, नुसतं ऐकलं नाही, तिने मनात आणायच्या आधीच ओळखल्यासारखी वळली. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे खाली आले. या गाडीत सकाळी एकटीने बसायचं, गाणं लावायचं किंवा नाहीच लावायचं, आणि बायपासच्या मोकळ्या रस्त्यावर कुणाचीही वाट न बघता निघून जायचं.

"हीच," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिलाही कळलं नाही.

परत येऊन ती उतरली तोच फोन वाजला. केंद्राच्या बाई.

"संध्याकाळ म्हणाले होते मी, पण मला आत्ताच कळलं तर बरं. ती दुसरी मुलगी विचारतेय."

"हो, मी... एकच मिनिट हं," ती फोन कानाशी धरून गाडीच्या छतावर हात टेकून उभी राहिली.

तेवढ्यात सासूबाईंचा बटवा उघडला आणि सुटी नाणी फरशीभर उधळली.

"अगं बाई! बघा हो, सगळीकडे गेली!"

सेल्समन वाकला. नवरा "आई, काय गं हे" म्हणत चाकामागे वाकला. एरवी तीही वाकली असती. पण कानाशी फोन होता, म्हणून ती उभीच राहिली आणि छतावरून पलीकडे पाहत राहिली.

सासूबाई नाण्यांकडे बघतच नव्हत्या. त्या मास्तरांच्या दारात पाय रोवून उभ्या होत्या आणि त्यांनी कोपरापासून हात आत घातला होता. तिने मान वाकवून काचेतून पाहिलं. मास्तरांनी एका हाताने पुढच्या सीटची पाठ धरली होती. ते उठले, अर्ध्यात अडकले आणि परत बसले. पुन्हा पुढे झुलले, पुन्हा बसले. त्यांच्या तोंडावर ताण नव्हता. भीती होती. मैदानात हरवलेल्या लहान मुलाच्या तोंडावर असते तशी. मग त्यांनी सासूबाईंचा हात दोन्ही हातांनी पकडला, सासूबाईंनी ओठ मिटून स्वतःला मागे रेटलं, आणि मास्तर ओढून काढल्यासारखे बाहेर आले. सदरा खाली ओढला. पाठ ताठ झाली. सासूबाईंनी हातावरचे बोटांचे वळ पदराखाली घेतले.

"हॅलो? ऐकताय ना?" बाई विचारत होत्या.

"मी थोड्या वेळात कळवते," ती म्हणाली. "कळवतेच. तिला नका सांगू अजून."

फोन खाली घेतला तरी तिचा हात छतावरच होता. पुढे सरका आजोबा, पाय मागे घ्या, नाक गुडघ्यांच्या पुढे आणा, आता उठा. दिवसभर लोकांच्या वडलांना ती हेच सांगत असायची. कोण कसं उठतं यावरून ती दारातूनच ओळखायची, कुणाच्या मांड्यांतलं बळ सुटलंय, कुणाचा धीर. घरी मास्तरांच्या लाकडी खुर्चीवर गादीवर गादी चढत गेली होती, आणि तिला वाटलं होतं सासूबाईंना कौतुक फार. 'सोफ्याने पाठ वाकते, पिढी बिघडली सोफ्याने,' असं मास्तरांनी जाहीर केलं, आणि ती स्वयंपाकघरात जाऊन हसली होती. चष्म्याचं घर. त्याआधी रुमाल. त्याआधी कुठल्याशा गोळ्यांची डबी. प्रत्येक वेळी तीही इमानाने खाली वाकली होती.

मास्तर डिकीपाशी गेले होते.

"बाबा, काय वाटतं?" नवऱ्याने नाणी आईच्या हातात ठेवत विचारलं. आवाजातली आशा आता जवळजवळ विटली होती.

मास्तरांनी डिकीवर बोट वाजवलं. "डिकी..."

"लहान आहे," तीच म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती निळ्या गाडीच्या दाराला टेकून उभी होती. दार उघडंच होतं. तिने एकदा स्टिअरिंगवरून हात फिरवला आणि दार लावलं. या वेळी हळू.

"पण एकट्या माणसाला पुरेल," ती नवऱ्याला म्हणाली. "ही तू घे. मला घरची जुनी दे."

"म्हणजे?"

"तुझं रोजचं अंतर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. मायलेज जास्त अंतरालाच लागतं ना? इतके दिवस गणितं करतोयस आणि एवढं साधं सुचलं नाही?"

"सुचलं नाही नव्हे, तुझ्यासाठी म्हणून चाललंय हे सगळं!" नवऱ्याचा आवाज चढला, सेल्समनने नम्रपणे दुसरीकडे पाहिलं. "रविवारचे रविवार वणवण चाललीये. आत्ता तूच म्हणालीस, हीच. आणि आता त्या खटाऱ्यातून जाणार? गियर पडत नाही तिचा, नावं ठेवत असतेस."

"ठेवेन अजूनही. पण सामान असतं माझं. वजनं, पट्टे, वॉकर. आणि ती उंच आहे, लांबचं दिसतं."

"लांबचं दिसतं," तो म्हणाला. "धन्य आहे. तुमच्या सगळ्यांपुढे हात टेकले मी." पण बोटं मोबाइलवर गेली होती. कारखान्याचं अंतर, लिटरला किती, महिन्याला किती. तिला माहीत होतं, आकडा त्याला पटणार. चरफडत पटेल, पण पटेल. तिलाही चरफडायचं होतं. वळणावर गाडीने कसं ऐकलं होतं ते कुणाला सांगायची आता सोय नव्हती.

मास्तर डिकीवरून हात काढून तिच्याकडे बघत होते. "डॉक्टरीणबाई," ते म्हणाले. रागाने असो की लाडाने, ते तिला हेच म्हणत, आणि ती नेहमी 'डॉक्टर नाही हो मी' म्हणायची. आज म्हणाली नाही. "झेपेल का तुम्हाला ती जुनी?"

"झेपेल बाबा. फक्त सकाळी माझ्याबरोबर यायला लागेल तुम्हाला, थोडे दिवस. रस्ता नवा आहे. आणि तिथे कवायत घेणारं कुणी नाही, सगळे व्यायाम करताना पेंगतात म्हणे."

मास्तर गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी घसा खाकरला.

"डिकी तशी," ते मुलाला म्हणाले, "वाईट नाही."

सेल्समनला एवढंच हवं होतं. "काका! मग एकदा निवांत टेकून बसा ना मागे. मघाशी आर्मरेस्ट दाखवायचा राहूनच गेला." आणि नको म्हणेपर्यंत त्याने आदराने दंड धरून मास्तरांना आत बसवलंही. मधला आर्मरेस्ट खाली आला. मास्तरांनी त्यावर हात ठेवला. छान आहे म्हणाले. त्यांचं लक्ष उघड्या दाराकडे होतं.

"किल्ल्या दे इकडे," ती नवऱ्याला म्हणाली. "घरी मीच चालवते. सवय करायला हवी."

"घे बाई, घे." त्याने जुन्या गाडीच्या किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातावर आपटला.

पलीकडे सासूबाई मास्तरांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पर्सची चेन उघडली. आत हात घातला. आत आता पाडण्यासारखं काय उरलं होतं, देव जाणे.

तिच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा खणखणत फरशीवर पडला आणि तिच्या पायाचा धक्का लागून गाडीखाली सरकला.

"अगं!" नवरा म्हणाला. "आईची लागण झाली का तुलाही?"

"बघ ना. तिकडे गेल्या वाटतं, तुझ्या चाकामागे."

तो वाकला. सेल्समन वाकला. तीही वाकली, सगळ्यांत खाली, गुडघे टेकून, आणि गाडीखाली हात घातला. किल्ल्या लगेच लागल्या. तिने त्यांच्यावर तळवा पालथा ठेवला. चाकांच्या मधून पलीकडची फरशी दिसत होती. मास्तरांचे बूट आधी पुढे होते, मग मागे सरकले. एकदा टाचा उचलल्या, परत टेकल्या. त्यांच्यासमोर सासूबाईंच्या चपला रोवलेल्या. कुणाचातरी श्वास ऐकू आला. पुन्हा टाचा उचलल्या, आणि या वेळी बूट फरशीवर सपाट, जोडीने उभे राहिले.

मग पर्सची चेन बंद झाल्याचा आवाज आला, पण पलीकडच्या चपला जागच्या हलल्या नाहीत.

"सापडल्या का गं?" वरून सासूबाईंनी विचारलं. आवाज जरा ओला होता.

"थांबा आई," ती म्हणाली. "शोधतेय अजून."