खारपाणातलं प्रवाळ

मी प्रवाळ बोलतंय. जळगाव जामोदच्या भगवानरावांच्या ओसरीवर, काचेच्या पेटीत ठेवलेलं. दगड नव्हे! येणारा-जाणारा मला दगड म्हणतो आणि माझं डोकं फिरतं. माझं अंग दगडाचं आहे खरं, पण ते मीच बांधलंय, आणि त्याच्या भोकाभोकांत माझे इवलेसे जीव राहतात.

माझा जन्म द्वारकेजवळच्या समुद्रातला. भगवानराव यात्रेला आले, एका कोळ्याकडून मला घेतलं आणि समुद्राच्या पाण्यासकट दुधाच्या कॅनमध्ये घालून घरी आणलं. महाराष्ट्र नुकताच झाला होता, गावात वीजही नवीच होती. कय्यूमभाई काचवाल्यांनी पेटी करून दिली. भगवानरावांनी हौसेनं मुंबईहून बुडबुड्यांची मोटर मागवली. खोटं कशाला बोलू, सुरुवातीचे दिवस मजेत गेले. सकाळचं ऊन यायचं, माझा तपकिरी रंग खुलायचा.

मग उन्हाळा आला. इथला उन्हाळा म्हणजे विचारूच नका. पेटीतलं पाणी चार बोटं आटलं. भगवानरावांनी घागरीला हात घातला, तोच त्यांच्या पत्नी तानुबाई कडाडल्या, "काऊन हो? कोसभर चालून गोडं पाणी आणून राह्यली मी. पोरायले तोंड धुवायले देत नाही, अन् तुम्ही दगडाले पाजता?"

त्यांचंही काय चुकलं? हा खारपाणाचा मुलूख. घरच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. भगवानराव ओशाळले. मग त्यांना युक्ती सुचली.

"अवो, समुद्रातलं हाय ना हे? आपल्या इहिरीचं टाकतो. खारं ते खारं!"

झालं! अहो, पाणी उडून जातं, मीठ कुठं जातं? ते माझ्याच उरावर बसतं. वर रोज नवी खारी बादली. तानुबाईंचं वरण आटून खारट झालं, की त्या त्यात साधं पाणी घालतात, मिठाचं नाही. चुलीपाशी असलेली ही अक्कल ओसरीत येईपर्यंत कुठं सांडते? ओरडावं म्हटलं, तर मला तोंडं शेकडो, आवाज एकालाही नाही.

माझे जीव भोकांत दडून बसले आणि हळूहळू गळाले. रंग उडाला.

परवा कय्यूमभाई आले, पेटीपुढे उकिडवे बसले. "वा, भगवानराव! आणलं तवा कसं मळकं होतं. आता तं संगमरवरावानी चमकून राह्यलं!"

"इहिरीच्या पाण्याचा गुण हाय, भाऊ." भगवानराव खुशीत होते. तानुबाईसुद्धा माझ्याकडे पाहून पहिल्यांदाच हसल्या.

अहो, ते माझं हाड आहे! चमकतंय ते हाड!

खाली, भिंतीच्या बाजूला, अजून थोडा तपकिरी रंग आहे. तेवढंच मी उरलंय. तानुबाई, एक तांब्या गोडं पाणी द्या हो. मला मागता आलं असतं, तर शिव्या घालत का होईना, तुम्ही दिलंही असतं. पण भगवानराव बादली घेऊन विहिरीकडे निघालेत. मला आणखी पांढरं करायचंय ना त्यांना.