सरी म्हणणारी माती

येलहंक्यात भगवंतरावांच्या अंगणात सकाळपासून गर्दी होती. चौरंगावर ओल्या वाळूनं गच्च भरलेला रबरी फुगा, त्याच्या तोंडात काचेची नळी, नळीत कुंकवाचं पाणी. भूमीस्वामींनी फुगा थोपटला, दर थापेला कानडीत ‘सरी, सरी’, म्हणजे ‘बरं, बरं’, म्हणाले आणि मग तो दाबला. फुगा दाबला की पाणी वर यायला हवं. ते खाली गेलं. लोकांनी हात जोडले.

“धरणी पाणी प्यायली. ती तृप्त आहे, भिंत पडणार नाही,” स्वामी म्हणाले.

शेजारच्या प्लॉटवर बेसमेंटसाठी खोल खड्डा खणला होता. त्या बाजूची भिंत कलली होती आणि तिला लागूनच भगवंतरावांच्या आईची, सकवारबाईंची खोली. म्हातारीला तिथून हलवायचं की नाही, हा खरा प्रश्न. तो फुग्याला विचारला जात होता, आणि स्वामी आले होते त्याच प्लॉटच्या बिल्डरच्या गाडीतून! शेजारी म्हणून आलेल्या मला तर तेव्हाच पाणी मुरतंय असं वाटलं.

वर भाड्यानं राहणारी पुण्याची प्रमोदिनी मातीवरच संशोधन करते. तिनं फुगा मागितला, नळीवर बोट धरून उलटसुलट केला, वाळू हलकेच बसू दिली आणि न थोपटता सकवारबाईंच्या हाती दिला. त्यांनी दाबला. पाणी सरसर वर चढलं.

“भक्ती कमी पडली,” स्वामी म्हणाले.

“नाही, थाप कमी पडली,” प्रमोदिनी म्हणाली.

मग तिनं समजावलं. थोपटलं की कण घट्ट बसतात. दाबल्यावर त्यांना सरकायला जागा नसते, म्हणून ते एकमेकांवर चढतात. मधल्या फटी वाढतात आणि पाणी आत ओढलं जातं. सैल वाळू उलट दबते, पाणी बाहेर ढकलते. हाताचा जोर कुठंही गडप होत नाही: थोडा कणांना हलवण्यात जातो, बाकीचा घासून उष्णता होतो. तिच्या समीकरणात तृप्तीला जागाच नव्हती.

सकवारबाई स्वामींना शांतपणे म्हणाल्या, “सरी, अण्णा. मग स्वल्प दिवस तुम्हीच निजा की माझ्या खोलीत.”

स्वामींना एकदम दुसरीकडची पूजा आठवली.

दुपारी आम्ही म्हातारीची खाट हलवली. गुरुवारी भिंत कोसळली, रिकाम्या खोलीवर.

माती ‘हो’ही म्हणत नाही, ‘नाही’ही म्हणत नाही. तिच्या नावानं कुणी बोलू लागलं, तर आधी त्याचे हात बघा.