नळवाले काका आणि मी

मी सलाईनचा स्टँड बोलतोय. सलाईन नावापुरतं, माझ्यावर बहुतेक वेळा रक्ताचीच पिशवी टांगलेली असते. कारखान्यात मला पाच चाकं मिळाली, त्यातली चार वळतात. वॉर्डातल्या सिस्टर मला 'हट्टी' म्हणतात. मी मनावर घेत नाही.

आमच्याकडे एक मुलगी पहिल्यांदा आली ती आईच्या कडेवर, दहा महिन्यांची असताना. थॅलेसेमिया. म्हणजे अंगात रक्त नीट तयार होत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं घ्यावं लागतं. थोडी मोठी झाल्यावर तिने विचारलं, हे कोणाचं? सिस्टर म्हणाल्या, नाव सांगत नाहीत. मग गणितात मार्क कमी पडले की ती मागच्या पिशवीवर ढकलायची.

ती अकरा वर्षांची असताना सलग सुट्ट्या आल्या आणि रक्तपेढीत तिच्या गटाची एकही पिशवी उरली नाही. हिमोग्लोबिन पाचावर आलं होतं. ती पलंगावर गप्प पडून होती. कशावरही चिडत नव्हती, म्हणून आई घाबरली. वडील एकेका नातेवाइकाला फोन करत होते. कोणाचा गट जुळेना, गट जुळला तर वेळ जुळेना. रिकामं उभं राहणं मला एरवी चांगलं जमतं. त्या दिवशी जमलं नाही.

कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ दुरुस्त करायला एक प्लंबर आला होता. हातातला पाना खाली ठेवून त्याने विचारलं, "कोणता गट हवाय?" त्याचा तोच होता. फक्त त्याला सुईची भीती होती. तो खाली रक्तपेढीत गेला, रक्त दिलं आणि उठताना चक्कर येऊन पडला. सिस्टर म्हणाल्या, आधी पिशवी भरली, मग पडला. माणूस कामाचा आहे.

तपासण्या होऊन चार वाजता ती पिशवी माझ्यावर आली. संध्याकाळी मुलगी आईशी भांडायला लागली, तेव्हा कुठे आई रडली.

त्यानंतर हे नळवाले काका दर तीन महिन्यांनी रक्त द्यायला येत राहिले. ते तिलाच मिळेल असं नाही, हे त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "पाण्याचंही तसंच. टाकीत सोडायचं, कुणाच्या नळाला येईल ते येईल." वर वॉर्डात मात्र कधी आले नाहीत. पिशवी बघितली की त्यांना गरगरायचं.

मुलगी आता अठ्ठावीस वर्षांची आहे. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. गेल्या आठवड्यात काकांना पासष्ट पूर्ण झाली आणि रक्तपेढीने त्यांना हात जोडले. वय झालं, आता घेता येणार नाही. ते जिना चढून वर आले आणि तिच्या पलंगापाशी अपराध्यासारखे उभे राहिले.

"आता माझा काही उपयोग नाही," ते म्हणाले.

तिने सुई नसलेल्या हाताने स्टूल पुढे ओढलं. "काका, आज काही देऊ नका. नुसते बसा."

ते तीन तास बसले, माझ्याकडे पाठ करून.

माझा आता रंग उडालाय, पण दोन पिशव्यांचं वजन अजून पेलतो. टांगून धरायचं काम माझ्यावर सोडा. पिशवी भरायला मात्र माणूस लागतो, आणि आमच्या रक्तपेढीत सध्या एक जागा रिकामी झाली आहे.