जागची लाल

"हे बघा बाई, हा पाहुणा हिरव्या खडकापर्यंत जाऊन आला म्हणे!" धुवायला आलेला एक मोजा ओर्फानं माझ्या नाकासमोर धरला. "काल जेवताना सगळ्या टेबलाला सांगत होता. आणि मोजा बघा, पिठात बुडवल्यासारखा पांढरा. वरच्या वळणांवरूनच फिरलाय बिचारा."

"कुणाला सांगू नकोस हो."

"मी कशाला सांगू? धुतले की सगळे सारखेच." तिनं मोजा मशीनमध्ये टाकला.

ग्रँड कॅन्यनच्या काठावर आमचं गाव. दरीत उतरू लागलं की आधी पांढरा खडक लागतो, त्याखाली लाल, आणि फार खाली गेलं तर हिरवट. शाळेत मी मुलांना हे थर केक कापून शिकवायचे, आणि धडा संपला की मुलं तो धडा खाऊन टाकायची. ओर्फाला तेच पाहुण्यांच्या कपड्यांनी शिकवलं होतं. लग्न होऊन इथं आल्यापासून ती लॉजच्या लाँड्रीत होती. कोण कुठवर जाऊन आलं हे तिला धुळीच्या रंगावरून कळे. स्वतः मात्र ती एकदाही दरीत उतरली नव्हती.

तिचा नवरा डेल्मर खेचरं घेऊन रोज खाली जायचा. संध्याकाळी टोपीपासून बुटांपर्यंत लाल होऊन परतायचा. ओर्फा म्हणायची, मला एकदा ने. तो हसायचा. "तुला कशाला यायचंय? अर्धी दरी मी रोज घरी आणतोच की!" मग तीही हसायची आणि त्याचे कपडे भिजत घालायची. तो वारला त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले, तेव्हा त्याचा शेवटचा सदरासुद्धा दोरीवर स्वच्छ वाळत होता. हाताला सवय होती, तिनं धुऊन टाकला. नंतर तिनं कपाटं उघडून पाहिली. लाल धुळीचं एक चिरगूटही घरात उरलं नव्हतं.

आता तिचे गुडघे थकले होते. रविवारी मुलगा येऊन तिला नेब्रास्काला नेणार होता. तिथली जमीन परातीसारखी सपाट. त्याआधी सुट्टीचा एकच दिवस हाताशी होता, गुरुवार.

"बाई," मशीनचं झाकण लावून ती म्हणाली, "मला लाल जमिनीवर उभं राहायचंय. कुठली वाट घेऊ?"

असा प्रश्न आमच्या गावात जेवणघरात विचारला जातो, कारण तिथं लॉनी असतो. लॉनी लॉजचा आचारी. एकेकाळी माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा, आता बीन्सच्या पातेल्याआडून सगळ्या गावाला सल्ले देतो.

"काठाकाठानं फीर की," तो ओर्फाला म्हणाला. "सपाट आहे, बाकं आहेत, शेवटी आइस्क्रीम आहे."

"आइस्क्रीम तूच खा. मला लाल पाहिजे."

"मग धारेवरची वाट घे. उतरलीस की लगेच लाल. नाहीतर खेचरांच्या वाटेनं जाशील आणि अर्ध्यात बसशील. ती वाट लांब आहे, वर लीद तुडवत जायचं!"

"धारेवर पाणी आहे का, लॉनी?" मी विचारलं.

"नाही."

"सावली?"

"तुम्ही अजून परीक्षा घेता, बाई!"

"घेणारच. डोंगरावर गेलेला माणूस दमला की खाली उतरतो. इथं दमलेल्या माणसाला वर चढावं लागतं. म्हणून आपली वाट उतरताना निवडायची नाही, चढताना निवडायची. खेचरांच्या वाटेवर विसाव्याला छप्पर आहे, नळ आहे."

ओर्फा कॉर्नब्रेडचा तुकडा मोडत बसली होती. "खेचरांचीच," ती म्हणाली. "डेल्मर त्याच वाटेनं जायचा."

लॉनीनं हातातला डाव उगारला. "तू लाल मोज्यांनी परत आलीस ना, तर मी सगळ्यांसमोर टोपी काढीन!"

"नको रे बाबा. लोक जेवताहेत."

जेवणघर हसलं. लॉनीचं टक्कल सगळ्या गावाला माहीत होतं, पण पाहिलेलं कुणीच नव्हतं.

गुरुवारी उजाडता उजाडता आम्ही निघालो. ऑक्टोबरातली थंडी होती. ओर्फानं कोरे पांढरे मोजे घातले होते. वाटेच्या तोंडाशी मी तिच्याकडून मुलांसारखं वचन घेतलं: बाटलीतलं अर्धं पाणी संपलं की, असू तिथून मागे.

वळणामागून वळणं घेत आम्ही उतरलो. ओर्फा काठी टेकत, पाय आडवा टाकत चालली होती. मध्ये घंटा वाजली आणि खेचरांची रांग वर येताना दिसली. आम्ही कड्याला पाठ लावून मुकाट उभ्या राहिलो, कारण शेवटचं खेचर लांब जाईतो इथं कुणी हलत नाही. पुढचा स्वार ओर्फाला पाहून चकित झाला. त्यानं टोपीच्या कडेला बोट लावलं.

विसाव्याचं छप्पर आलं. ओर्फा बाकावर टेकली. तिच्या पायांकडे लक्ष गेलं आणि मी टाळीच वाजवली. "अगं ओर्फा, मोजे बघ!"

मोजे लाल झाले होते. मला मनापासून बरं वाटलं. पाणीही अर्ध्याला आलं होतं. "झालं तर मग. चल, आता फिरू."

ओर्फानं मोज्यावरची धूळ चिमटीत घेतली, चोळली, मग मागच्या कड्यावर हात ठेवला. कडा फिकट होता, जवळजवळ पांढरा.

"नाही बाई. ही इथली नाही. खेचरांच्या पायांना लागून वर आलीय." तिनं बोटं झटकली. "आणलेली लाल मी जन्मभर धुतली. मला जागची पाहिजे."

"वचन दिलंयस."

"दिलंय. अर्धं पाणी संपलं की मागे." ती उठली, नळाशी गेली आणि बाटली काठोकाठ भरून माझ्यासमोर धरली. "आता बघा. संपलंय?"

इतकी वर्षं शिकवलं, पण माझाच नियम मला इतक्या सरळपणे कुणी परत केला नव्हता. मी माझीही बाटली भरली.

खाली कड्यांचा रंग हळूहळू बदलला. आधी गुलाबी पट्टे, मग विटेसारखा तांबूस, आणि एका वळणानंतर वर, खाली, पायाखाली सगळंच लाल. ओर्फा थांबली. तिनं भिंतीसारख्या खडकावर हात ठेवला आणि थोपटलं, वाळलेली चादर थोपटावी तसं. तळहात पालथा करून पाहिला. लाल.

"तो निम्मंसुद्धा आणत नव्हता हो," ती म्हणाली. मग दरी घुमेल इतक्या मोठ्यानं हसली. "अर्धी दरी म्हणे! लबाड मेला!"

आम्ही तिथंच बसून खारे शेंगदाणे खाल्ले.

चढ कठीण होता. मी मुलांना म्हणायला लावायचे ती गाणी आठवत होते, पण ओर्फाला तिची युक्ती सापडली. "ही वाट म्हणजे घडी घातलेली चादर आहे, बाई. टोकाला टोक जुळलं की थांबायचं, श्वास घ्यायचा. मग पुढची घडी." प्रत्येक वळणावर ती काठी आपटून म्हणे, "ही झाली!" तरुण पोरं भराभरा आम्हाला ओलांडून गेली आणि थोड्या वेळानं धापा टाकत कडेला बसलेली दिसली. ओर्फा त्यांना शेंगदाणे देऊन पुढे चालू लागली. नळावर आम्ही तोंड धुतलं. शेवटची घडी जुळली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, आणि काठावर ती माझा हात न धरता चढली.

जेवणघरात शिरताच लॉनी ओरडला, "काय गं, पांढरी की लाल?"

ओर्फानं बाकावर पाय ठेवून पँटची कड वर केली. लॉनी वाकला, पाहिलं, सरळ झाला. त्यानं टोपी काढली. टक्कल उकडलेल्या अंड्यासारखं चमकलं, पण कुणी हसलं नाही. आधी भांडी घासणाऱ्यांनी डाव वाजवले, मग टेबलं वाजली. ओर्फा खाली बसली आणि म्हणाली, "आता वाढशील की नाही?"

शनिवारी मी निरोप द्यायला लाँड्रीत गेले. ओर्फाच्या जागी आलेली मुलगी काम समजून घेत होती. दोरीवर चादरी वाळत होत्या, पांढऱ्याशुभ्र, एकामागे एक. त्यांच्या मधोमध दोन चिमट्यांना लाल मोजे टांगले होते.

"हे धुवायचे राहिले का?" मुलीनं हात पुढे केला.

"राहिले नाहीत," ओर्फा म्हणाली. "झालेत." आणि पुढच्या चादरीचं एक टोक तिनं मुलीच्या हातात दिलं.