छडीसकट पुतळा

"प्रत्येक काळ त्याच्या त्याच्याच तराजूत तोलला पाहिजे. आजची वजनं घेऊन पूर्वजांकडे जाणं हा शुद्ध अन्याय आहे," असं म्हणून अध्यक्षांनी मूठ आपटली. ती टेबलावर पडायची, ती बिस्किटांच्या बशीत पडली. मग चुरा गोळा होईपर्यंत पूर्वजांना थांबावं लागलं.

वाद पुतळ्याचा होता. शाळा काढणारे मास्तर म्हणजे अध्यक्षांचे आजोबा. त्यांचा पुतळा उद्या शाळेच्या दारात बसायचा होता, आणि त्याच्या उगारलेल्या हातात छडी होती. शिल्पकाराने फोटोत दिसलं तसं केलं होतं.

"पोरांनी रोज सकाळी हे बघत आत यायचं?" चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. "छडी काढा."

"काढतो की," शिल्पकार म्हणाला. "पण हात वरच राहणार. मग थोबाडीत देतायत असं दिसेल."

"हातात फुलं देऊ," खजिनदार म्हणाले.

"त्या आवेशात?"

अध्यक्षांना आजोबांवर डाग नको होता. त्यांनी हुकमाचा एक्का काढला. मास्तरांची मुलगी, म्हणजे त्यांची आत्या, कोपऱ्यात चहा पीत बसली होती. ती बापाच्याच वर्गात शिकलेली.

"आत्या, तूच सांग यांना. त्या काळी सगळेच मारायचे ना?"

"सगळे नाही रे. शेजारच्या वर्गातले मास्तर नाही मारायचे."

"ते नंतरचे असतील."

"नंतरचे कसले? मध्ये एक भिंत, बस. आमचं रडणं सुरू झालं की ते तिकडे पोरांना मोठ्यानं कविता म्हणायला लावायचे."

अध्यक्षांनी घसा खाकरला. "लोक काय म्हणायचे त्यांना?"

"बाबा मेंगळट म्हणायचे. आम्ही मात्र त्यांच्या वर्गात बसायला मिळावं म्हणून नापास व्हायला तयार होतो."

"मग त्यांचा पुतळा कसा नाही?" बाईंनी विचारलं.

"त्यांना नातू नव्हता."

खजिनदार बशीत काही उरलंय का ते लक्ष देऊन बघू लागले.

"मग काय करू आत्या? छडी ठेवू की काढू?" अध्यक्षांचा आवाज एकदम चौथीतल्या पोरासारखा झाला होता.

"असू दे. तिच्याशिवाय मला बाबा ओळखू यायचे नाहीत." आत्याने कप खाली ठेवला. "उद्या माझी खुर्ची तेवढी मागच्या रांगेत टाक. पंख्याखाली नसली तरी चालेल."