संपाच्या दिवशीची रेघ

ओर्सोलाने तारा तिसऱ्यांदा काढून पुन्हा लावल्या, तरी पडद्यावरची रेघ आडवीच राहिली. काल संध्याकाळपर्यंत बोललेले शब्द ओळखणारा कागद आज मख्खपणे पडून होता.

कागद म्हणजे नखाएवढा तुकडा. लाकडाच्या लगद्याचा, आणि त्यावर केसाहून कितीतरी बारीक चांदीच्या तारांचं जाळं. मेंदूसारखं ते वापरानं शिकायचं, वापरलं नाही की विसरायचं. काम संपल्यावर कागद मातीत कुजून जाणार आणि वीज तर नावापुरती लागणार. त्या नावापुरत्या विजेवरच तिची सात वर्षं उभी होती, आणि सोमवारची मुलाखतही. कायमची जागा एकच, आणि तिचं वय बेचाळीस. ही हुकली तर तोरिनो शहरात तिला कोणी दारात उभं करणार नव्हतं.

खरं तर आज तिनं यायलाच नको होतं. ट्रामवाल्यांचा संप होता, आणि संप कोणाचाही असो, त्या दिवशी प्रयोगशाळेचं दार उघडायचं नाही हा प्रोफेसर आक्तिस यांचा नियम. त्यांचे वडील मोटारीच्या कारखान्यात कामगार संघटनेचं काम करत. लेकाच्या अंगात ते मुरलेलं. पण मुलाखत तोंडावर आली होती, ओर्सोलाला घरात बसवेना. ती चोरासारखी पायी आली होती.

दुपारी बाराला, संपातही कायद्यानं ठरल्याप्रमाणे, तीन तासांपुरत्या ट्राम सुटल्या. खिडकीखालून पहिली घरघरत गेली आणि पडद्यावरची रेघ हलली. दुसरी गेली तशी ती चांगलीच वर चढली. थोड्या वेळानं कागदानं ‘होय’ आणि ‘नाही’ बिनचूक ओळखून दाखवलं. ओर्सोलानं अर्थिंगची तार सोडवली. खालून तिसरी ट्राम जात होती, तरी रेघ पुन्हा आडवी झाली.

तिला उलगडा झाला. रुळांतून जमिनीत झिरपणारी वीज इमारतीच्या पायातून तिच्या टेबलापर्यंत येत होती आणि जाळ्याला जागं ठेवत होती. तेवढी वीज पदरची घालायची म्हटलं, तर बाजारातली साधी चिप परवडली. रात्री ट्राम थांबल्या की जाळं विसरायचं, आणि तिनं नि सरांनी लेखात काय छापलं होतं? मेंदूही झोपेत असंच विसरतो म्हणून! लोकांनी वाहवा केली होती. एखाद्या संपाला दार उघडलं असतं तर पहिल्याच वर्षी कळलं असतं. सरांच्या तत्त्वानंच घात केला, आता बोला.

पुढच्याच ट्रामनं ती सरांच्या घरी गेली. ते स्वयंपाकघरात लसूण सोलत बसले होते. तिनं सगळं सांगितलं. अर्थिंगची तार सोडवून पाहिलीस का, एवढंच त्यांनी मध्ये विचारलं.

“म्हणजे आज तू कामावर गेलीस.”

“गेले, सर.”

ते पुन्हा लसूण सोलू लागले. ओर्सोला वाट पाहत उभी राहिली. सोमवारपर्यंत तोंड उघडू नकोस, एवढं त्यांनी म्हणायचा अवकाश. तिनं थोडे आढेवेढे घेतले असते आणि मग त्यांचा शब्द मानला असता. हेच ऐकायला आपण धावत आलो, हे तिला आत्ता कळलं. तिला स्वतःची लाज वाटली, पण आशा काही सुटली नाही.

प्रोफेसरांनी हात पुसले. त्यांचे डोळे भरून आले होते.

“शाब्बास, पोरी. मला इतक्या वर्षांत सुचलं नाही. लेख मागे घेतोय म्हणून मी आजच कळवतो. मुलाखतीत तू स्वतःच सांग, म्हणजे कोणी बोट दाखवायला नको.”

त्यांचं काय, पुढच्या महिन्यात पेन्शन सुरू होत होती. ओर्सोलानं खुर्ची ओढून घेतली.

“सर, दुसरं कोणी असतं तर मला गप्प राहा म्हणालं असतं.”

“माझ्याकडून तुला ते कधीच ऐकायला मिळणार नाही,” ते अभिमानानं म्हणाले, आणि लसणाची वाटी त्यांनी तिच्यापुढे सरकवली.