फडताळातले वाकडे मुकुट

दुधाचा थेंब कसा फुटतो हे जगात सर्वांत जास्त आपल्याला कळतं, असं प्लिमथच्या प्रोफेसर थॅक्वेलांचं नम्र मत होतं. अंधाऱ्या खोलीत काचेवर थेंब पाडायचा, त्याच क्षणी विजेची ठिणगी उडवायची आणि डोळ्यांत जे उरेल ते चटकन कागदावर उतरवायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा उद्योग. चित्रं मोठी देखणी होती. थेंब आपटताच उसळणाऱ्या दुधाचा गोल मुकुट, त्याला सारख्या अंतरावर सारखी टोकं. एखादा मुकुट वाकडा दिसलाच, तर थेंब नीट पडला नाही असं ठरवून तो कागद बाद. थेंबाला शिस्त नसली तरी प्रोफेसरांना होती.

मग ठिणगीच्या उजेडात फोटो घेता येऊ लागले. शुक्रवारी लंडनच्या विद्वत्सभेत फोटो दाखवायचे आणि आपल्या चित्रांवर शिक्कामोर्तब करून घ्यायचं, एवढंच बाकी होतं. फोटो तयार झाले. एकही मुकुट सरळ नव्हता.

"दूध खराब आहे," चहाच्या वेळी ते बायकोला म्हणाले.

"त्याचीच साय आहे ही. दुसऱ्यांदा घेताय," ऑगस्टाबाई म्हणाल्या.

"मग थेंबच वाकडे पडताहेत."

"झाडून सगळे? अहो, तुमचे ते बाद कागद तरी वेगळे कुठे होते?"

"कुठे आहेत ते?"

"फडताळात, मुरांब्याच्या बरण्यांखाली. चांगला जाड कागद, वाया कशाला घालवायचा?"

प्रोफेसरांनी एकेक बरणी खाली उतरवली आणि कागदाशेजारी फोटो ठेवले. तीच तुटकी कड, तीच तिरकी टोकं. डोळ्यांनी कधीच फसवलं नव्हतं; त्यांचंच ऐकायचं नाही असं प्रोफेसरांनी ठरवलं होतं. त्यांना फार लाज वाटली. शेगडी पेटलेली होती, फोटो त्यात टाकले असते तर कोणाला पत्ता लागला नसता. तसा विचारही आला. पण त्यांनी फोटो आणि ते चिकट कागद एकाच पिशवीत भरले.

शुक्रवारी त्यांनी मुरांब्याच्या डागांसकट सगळं भिंतीवर लावलं. "मला हे दिसलं होतं," ते म्हणाले, "मी मानलं नाही. माझी छापलेली चित्रं चूक आहेत."

मग अध्यक्ष सर ऑल्ड्रिच उठले आणि मायेने म्हणाले, "प्रोफेसर, मनाला लावून घेऊ नका. इतकी सुबक चित्रं चूक कशी असतील? कॅमेरा तेवढा दुरुस्त करून घ्या."

टाळ्या थांबता थांबेनात. इतकी वर्षं प्रोफेसर थेंबांना हेच सांगत आले होते.